टॉवेल कारखान्यातल्या पाळ्या बंद पडल्या तर भरपाई कुणी द्यायची?

प्रश्न एका मुलीचा आहे. ती एमए इकॉनॉमिक्स करतेय. तिचं म्हणणं असं, की पुस्तकात लिहिलंय मुक्त व्यापारानं देशाचा एकूण फायदा होतो आणि त्या फायद्यातनं ज्यांचं नुकसान झालं त्यांची भरपाई करता येते, मग नोकरी गेलेल्याला बेकारी भत्ता दिला की विषय संपला नाही का? आणि प्रश्नाच्या शेवटी एक ओळ: वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात २१ वर्षं आहेत, दीड महिन्यापासून आठवड्याला दोनच पाळ्या मिळतात, मालक म्हणतात ऑर्डर आली की बोलावतो, तर त्यांना काही मिळेल का?

मी सोलापुरात २२ वर्षं पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि लेबर लॉची कामं करतो, निम्मी कामं कारखानदारांची, निम्मी कामगारांच्या क्लेमची. त्यामुळं पुस्तकातलं थोडं आणि काउंटरवरचं जास्त सांगतो. आणि वडिलांचा प्रश्न तुम्ही शेवटी घातलाय पण मला तो पहिल्या प्रश्नाचंच उत्तर वाटतो, का ते खाली येईलच.

पुस्तकातलं वाक्य जरा नीट वाचा. काल्डोर आणि हिक्स या अर्थतज्ज्ञांनी १९३९ मध्ये जे मांडलं त्याचा अर्थ एवढाच, की ज्यांना फायदा झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करूनसुद्धा फायद्यात राहू शकत असतील तर तो बदल चांगला. भरपाई खरंच दिली पाहिजे अशी अट त्यात नाही. म्हणजे हिशोबाच्या वहीत भरपाई झाली, आणि तुमच्या वडिलांच्या खात्यावर काहीच आलं नाही, तरी पुस्तकाचं गणित बरोबरच राहतंय. तुम्ही विचारताय ते या दोन्हींच्या मधलं अंतर आहे, आणि बेकारी भत्त्यानं ते भरतं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. भत्ता पाहिजेच, आणि आत्ता मिळतो त्यापेक्षा बराच जास्त पाहिजे. पण "व्यापारामुळं नोकरी गेली" असं सिद्ध करणाऱ्यालाच तो द्यायचा म्हटलं तर सोलापुरात जवळजवळ कुणालाच मिळणार नाही. ज्याचं काम गेलं त्याला द्या, का गेलं ते विचारू नका.

कारण विचारायला लागलं की काय होतं ते अमेरिकेत दिसलंय. केनेडींच्या काळात १९६२ ला त्यांनी व्यापाराचा फटका बसलेल्या कामगारांसाठी वेगळी योजना काढली, ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. बेकारी भत्त्याची मुदत संपली की पुढं जास्तीचा भत्ता, शिवाय ट्रेनिंग. विचार उत्तम होता, पण अट अशी घातली की आयात वाढली ती मुख्यतः सरकारनं दिलेल्या जकात सवलतीमुळंच वाढली आणि त्यामुळंच नोकरी गेली हे दाखवायचं. पहिल्या सात वर्षांत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही! १९७४ ला अटी सैल केल्या, मग लोकांना मिळायला लागलं. पण पुढं चीनचा माल आला आणि गावंच्या गावं बसली, त्यावर ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तिघांचा २०१३ चा पेपर तुम्हाला अभ्यासाला असेलच, त्यात बघा, ज्या भागाला फटका बसला तिथं सरकारी मदत वाढली ती अपंगत्वाची पेन्शन आणि दवाखान्याच्या खर्चातनं, व्यापाराच्या नावाच्या योजनेतनं आलेला पैसा त्यापुढं अगदी किरकोळ. माणसं खास खिडकीवर गेलीच नाहीत, जी खिडकी उघडी दिसली तिथं गेली. आणि २०२२ च्या जुलैपासून त्या योजनेची मुदत संपली म्हणून नवीन अर्ज घेणंसुद्धा बंद झालं.

आता हीच अट सोलापूरला लावून बघा. पूर्व भागात एखाद्या शेडमध्ये माग बंद आहे. का बंद आहे? चादरीचा माग असेल तर पानिपतहून येणारी स्वस्त चादर आणि मिंक ब्लँकेट. पानिपत परदेशात नाही. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तरी दुकानात ग्राहक भाव बघून उचलतो. टॉवेलचा माग असेल तर कधी सुताचा भाव: सूत बाहेर जास्त जायला लागलं की इथं महागतं, म्हणजे व्यापारामुळंच फटका बसला पण आयातीमुळं नाही, निर्यातीमुळं. कधी लाईट बिल. कधी मालकानं जुने माग भंगारात काढून नवीन यंत्रं आणली, जिथं चार माणसं होती तिथं एक. आणि २०२५ चा ऑगस्ट आठवा, अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा टॉवेलच्या ऑर्डरी थांबल्या, आता याला मुक्त व्यापाराचं नुकसान म्हणायचं का? हे तर बरोबर उलटं, व्यापार अडवल्यामुळं झालेलं नुकसान. आयातीचा फटका बसलेल्यालाच पैसे असा नियम असता तर तो माणूस त्यात बसलाच नसता. पण घरी चूल तीच आणि बचत गटाचा हप्ताही तोच.

एकाच शेडमध्ये यातली तीन कारणं एकाच वेळी चालू असतात. ती वेगळी काढून कुणाचं किती टक्के हे ठरवायला बसलं तर अधिकारी पाच वर्षं फायली फिरवतील आणि तोपर्यंत माणूस भिवंडीला गेलेला असेल.

मग आपल्याकडं काही होतं का? होतं, आणि हे तुमच्या सरांनासुद्धा विचारा. १५ सप्टेंबर १९८६ ला केंद्र सरकारनं कापड गिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना सुरू केली. गिरणी कायमची बंद झाली तर पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. माझ्या मते रचना म्हणून ही आजच्या कुठल्याही योजनेपेक्षा शहाणी होती, कारण ती हळूहळू उतरते. पहिल्या वर्षी माणूस हबकलेला असतो, तिसऱ्या वर्षापर्यंत त्यानं काहीतरी धरलेलं असतं. पण अटी बघा: गिरणी कायद्यानं रीतसर बंद झालेली पाहिजे किंवा लिक्विडेटर नेमलेला पाहिजे, पाच वर्षं नोकरी पाहिजे, पगार ठरावीक मर्यादेच्या आत पाहिजे. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा किती माणसं यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली ते जुन्या लोकांना विचारा. आणि यंत्रमाग या योजनेत नव्हतेच. म्हणजे गिरणीतनं बाहेर पडून माणूस जिथं पोचला तिथं त्याच्या पायाखाली काहीच नव्हतं. १ एप्रिल २०१७ ला ही योजना ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन केली.

आज ईएसआयमध्ये दोन गोष्टी आहेत. एक ही राजीव गांधी योजना, २००५ पासूनची: कारखाना बंद झाला किंवा रीतसर रिट्रेंचमेंट (कामगार कपात) झाली तर जास्तीत जास्त २४ महिने भत्ता, पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. त्यात आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. आधी सरासरी रोजाच्या २५ टक्के होतं, कोरोनात २४ मार्च २०२० पासून ५० टक्के केलं आणि ती सवलत पुढं पुढं वाढवत नेली.

आकड्यात सांगतो म्हणजे कळेल. समजा एखाद्याला रोज ६०० रुपये, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १५,६००. अटल योजनेची सरासरी काढताना मागच्या दोन वर्षांची एकूण कमाई ७३० नं भागतात, सुट्ट्यासुद्धा त्यात धरतात, त्यामुळं रोज ६०० चा माणूस कागदावर रोज ५१३ चा होतो. त्याच्या निम्मे साधारण २५६. ९० दिवसांचे २३,००० रुपये. ही आयुष्यभराची मर्यादा, आणि २५ टक्क्यांनी धरलं तर साडेअकरा हजार.

२३,००० हे काही नसण्यापेक्षा बरंच आहे, मी कमी लेखत नाही. मी बघितलंय, हे पैसे वेळेवर आले तर माणूस नवीन मालकाकडनं उचल घेत नाही. आणि उचल घेतली नाही की दोन महिने थांबून चांगलं काम शोधता येतं, नाहीतर उचल फिटेपर्यंत तो त्याच मालकाला बांधला जातो, मजुरी काहीही असो. भत्त्याचं खरं काम हेच आहे, माणसाला थोडा दम खायला देणं. आपल्याकडं आत्ता हे काम कोण करतं? घरातल्या बाया. नवऱ्याचा माग बंद पडला की बायको रोज हजाराच्या जागी बाराशे विड्या वळायला बसते, सोलापूरचा बेकारी भत्ता तिच्या बोटांतनं निघतो आणि तो कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

पण व्यापारानं होणारं नुकसान ९० दिवसांचं नसतं, हे तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर. ५२ वर्षांचा माणूस, ३० वर्षं जॅकार्डवर (नक्षी विणायच्या मागावर) काढलेली, त्याला मागाचा आवाज ऐकून कळतंय धागा कुठं तुटला. धंदाच बसला की त्या कानाला बाजारात किंमत नाही. तो वॉचमन होतो, रोज ४००. महिन्याला ५,२०० चा खड्डा, आणि तो साठाव्या वर्षापर्यंत तसाच. कागदावर मात्र हा माणूस बेकार नाही, भत्ता बंद. अमेरिकेच्या त्या योजनेत या एका गोष्टीवर चांगला उपाय होता: वय ५० च्या वर असेल आणि कमी पगाराची नवीन नोकरी धरली तर जुन्या आणि नव्या पगारातला निम्मा फरक दोन वर्षं सरकार देणार, एकूण १०,००० डॉलरपर्यंत. आपल्या माणसाला या हिशोबानं महिन्याला २,६०० मिळाले असते. मला स्वतःला हे ट्रेनिंगपेक्षा जास्त पटतं. ट्रेनिंग २५ वर्षांच्या पोराला द्या, जरूर द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यांच्या नवीन कोडमध्येसुद्धा रिट्रेंचमेंट झालेल्या कामगाराला १५ दिवसांचा पगार रिस्किलिंग फंडातनं द्यायची तरतूद आहे, आपल्या उदाहरणात ९,००० रुपये. एवढ्यात ५२ वर्षांचा विणकर काय नवीन शिकणार आणि शिकेपर्यंत घरी काय शिजणार!

इथपर्यंतचं दोन ओळीत: कारण न विचारता भत्ता, तो उतरत्या क्रमानं आणि लांब मुदतीचा, आणि वय झालेल्यांना पगारातल्या फरकाची भर. आता उरलेलं अर्धं उत्तर, जे मला जास्त टोचतं.

भत्ता कुठलाही असू द्या, तो मस्टरमधनं, म्हणजे हजेरीपटातनं जातो. नाव मस्टरवर नाही तर माणूस बेकार होऊच शकत नाही, कारण सरकारच्या लेखी तो कामावर कधी नव्हताच. ईएसआय लागू व्हायला एका मालकाकडं किमान १० माणसं लागतात. आपल्याकडं एका शेडमध्ये तीन बोर्ड असतात, एक मालकाचा, एक भावाचा, एक बायकोचा, प्रत्येकाकडं सात-आठ माणसं. मी कारखानदारांचं काम करतो म्हणून त्यांची बाजूही सांगतो: सुताचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो, व्यापारी पैसे चार महिन्यांनी देतो, त्यात जॉबवर्क करणारा छोटा मागवाला स्वतःच कामगारासारखा आहे. पण ईएसआयचा हिशोब मांडून दाखवला तर १५,६०० वर कामगाराचे ११७ रुपये आणि मालकाचे ५०७ जातात. २०१९ च्या जुलैपासून दर कमी केलेत, आधी मालकाचे पावणेपाच टक्के होते, आता सव्वातीन. मी प्रत्येक नवीन क्लायंटला सांगतो, या ५०७ रुपयांत तुमच्या माणसाचा दवाखाना आणि मंदीतला आधार दोन्ही बसतं, आणि मंदीत माणूस टिकला तर ऑर्डर आल्यावर तुम्हालाच शोधत फिरावं लागत नाही. काही ऐकतात.

आणि नाव मस्टरवर असलं तरी दुसरी अडचण, जिच्यात आत्ता तुमचे वडील आहेत. सोलापुरात कामावरनं काढत नाहीत. "बोलावतो" म्हणतात. पत्र नाही, नोटीस नाही, फक्त पाळ्या कमी होत जातात. अटल योजनेला काम गेलं त्याच्या लगत आधीच्या सहामाहीत ७८ दिवस भरलेले लागतात. आठवड्याला दोन पाळ्या, २६ आठवडे, किती झाले? ५२. म्हणजे अर्धवट कामावर टिकून राहिलेला माणूस हळूहळू भत्त्याच्या बाहेर ढकलला जातो, आजारपणाच्या पैशालाही तेच ७८ दिवस लागतात, आणि ७३० नं भागायची सरासरीही खाली येते. जो लगेच बाहेर पडला त्याला मिळतं, जो मालकाला धरून राहिला त्याला मिळत नाही. हा नियम कुणी वाईट हेतूनं केलेला नाही, पण तो बनवताना समोर मोठा कारखाना होता, जिथं माणूस एकतर कामावर असतो नाहीतर नसतो. पाळ्या तुटल्या तर तुटलेल्या पाळ्यांचा भत्ता, अशी सोय झाली तर सोलापूरला त्याचा उपयोग सगळ्यात जास्त होईल.

पैसे कुठनं आणायचे हे तुमचे सर विचारतील. त्याचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यानं भोगला. त्यातनं वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, पाऊस का पडला नाही हे सिद्ध करा असं कुणी म्हटलं नाही. आणि तिच्या पैशासाठी १९७५ ला व्यवसाय कर आणला, शहरातल्या नोकरदाराच्या पगारातनं. तुमच्या वडिलांची पगाराची चिठ्ठी असेल तर बघा, महिन्याला २०० रुपये पीटी कापलेला दिसेल. म्हणजे शहरातल्या कामगारानं पन्नास वर्षं खेड्यातल्या मजुराच्या वाईट दिवसासाठी पैसे भरलेत. शहरातल्या कामगाराच्या वाईट दिवसासाठी मात्र तसं काही उभं केलं नाही. व्यापार करारांनी ज्यांना स्वस्त माल आणि मोठा बाजार मिळाला त्यांच्याकडनं, म्हणजे आपल्या सगळ्यांकडनंच, असा एक छोटा वाटा घ्यायला काय हरकत आहे? गैरवापर होईल हे मान्य, कामावर असलेल्या माणसाला कागदावर बेकार दाखवणारे निघतील. रोजगार हमीतही खोटी मस्टर झाली. म्हणून कुणी दुष्काळात काम द्यायचं थांबवलं नाही.

आता वडिलांसाठी काय करायचं. पहिलं म्हणजे त्यांचा विमा नंबर घ्या आणि ईएसआयच्या पोर्टलवर या सहामाहीचे दिवस किती भरले ते बघा. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी असते. ७८ च्या वर असतील तर वेळ आहे, जवळ असतील तर मालकांशी बोलून उरलेल्या पाळ्या या सहामाहीतच मिळतील का बघा, हे मी क्लायंटना स्वतः सांगून करून घेतलंय. दुसरं, हजेरीचे फोटो काढून ठेवा आणि घरातल्या कुणालातरी पाठवून ठेवा.

तिसरं फार महत्त्वाचं. माणसाचे दिवस शून्य झाले की महिन्याचं ईएसआय भरताना पोर्टलवर कारण निवडावं लागतं: रजा, नोकरी सोडली, रिट्रेंचमेंट, काम नाही, असे पर्याय असतात. एका कारखान्यात ऑफिसमधल्या पोरानं १४ जणांना सरसकट "नोकरी सोडली" टाकलं. त्याचा काही हेतू नव्हता, यादीत ते वर दिसलं म्हणून. ते दुरुस्त करायला माझे चार महिने गेले, तोवर त्यातले तिघं हैदराबादला गेले होते आणि परत सह्या करायला आलेच नाहीत. म्हणून काम पूर्ण थांबलं तर त्याच आठवड्यात ऑफिसात जाऊन कारण काय टाकणार ते विचारा, भांडू नका, नुसतं समोर बसून विचारा.

आणि "राजीनाम्यावर सही कर, हिशोब लगेच देतो" असं कुणी म्हटलं तर सही करायच्या आधी कागद मला नाहीतर दुसऱ्या कुणा जाणकाराला दाखवा. २१ वर्षांची ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या हिशोबानं, म्हणजे ६०० रोज धरला तर १,८९,००० होतेय, आणि ती राजीनामा दिला तरी मिळतेच, तो त्यांचा हक्क आहे. रिट्रेंचमेंटची भरपाई जवळपास तेवढीच वेगळी असते, ती मात्र राजीनाम्यावर सही केली की गेली. दिवस मोजून झाले की आकडा कळवा, ७८ ला किती कमी पडतात त्यावर पुढचं सांगतो.